कयाकचा सराव आणि बेभरवशाचं आभाळ

कयाक शिकायला निघालेले लोक आदल्या रात्री मोबाइलवर एकच गोष्ट बघतात: उद्या तिथे पाऊस आहे का? नाही असं दिसलं की बॅग भरतात, आहे असं दिसलं की बेत रद्द करतात. सह्याद्रीतल्या नद्यांच्या बाबतीत हे दोन्ही निर्णय चुकू शकतात. रिमझिम पावसात संथ डोहावर उत्तम सराव होतो, आणि लख्ख उन्हात नदी बघता बघता हातभर चढू शकते. तुम्ही ज्या पाण्यावर बसलेले असता त्याचा मूड घाटमाथ्यावर, वरच्या ओढ्यांत आणि धरणाच्या दरवाजापाशी ठरतो. वळवाचे एप्रिल-मे, पावसाळ्याचं तोंड आणि परतीच्या पावसाचे दिवस अशा बेभरवशाच्या काळात सराव आखायचा असेल तर सुरुवात इथून करावी.

कुंडलिकेचंच उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळची ही नदी राफ्टिंगसाठी महाराष्ट्रभर माहीत आहे, आणि वाहत्या पाण्यावरची कयाकही बरेच जण इथेच पहिल्यांदा शिकतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात इथे जो जोरदार ओघ दिसतो तो ताज्या पावसाचा नसतो. मुळशीचं धरण घाटमाथ्यावर, मुळा नदीवर आहे. पुण्याकडे जाणारं हे पाणी पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं जातं आणि वीज तयार झाली की ते कुंडलिकेला मिळतं. १९२७ पासून हे चालू आहे. याच धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. या पाण्यावर मौजेने वल्हं मारणाऱ्या प्रत्येकाला एवढा इतिहास ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं.

विजेची गरज कधी आहे त्यावर पाणी कधी येणार हे ठरतं. सकाळी राफ्टिंगवाले काठावर पाण्याची वाट बघत थांबलेले दिसतात ते यामुळेच. शिकणाऱ्याने या वेळापत्रकाचा फायदा घ्यावा. पाणी यायच्या आधी पात्रात डोह आणि उघडे खडक असतात. तेव्हा बोटीत बसणं, उतरणं, उलटल्यावर बाहेर पडणं शिकून घ्यावं आणि खडक नीट बघून ठेवावेत. थोड्या वेळाने तेच खडक पाण्याखाली जातात आणि त्यांच्यावरून लाटा उठू लागतात. कोणत्या लाटेखाली काय आहे हे ज्याने आधी पाहिलंय त्याला नदी फार लवकर वाचता येते.

पावसाळ्यात मात्र वीजघराच्या पाण्यात ताम्हिणी घाटाकडच्या डोंगरांवरून उतरणारे ओढे येऊन मिळतात. वीजघरातून किती पाणी सुटणार हे विचारून कळतं. ओढे किती आणतील हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये ‘आज पाणी किती सुटलंय’ एवढं विचारून भागत नाही, ‘रात्री घाटात किती पडला’ हेही विचारावं लागतं. ते सर्वांत चांगलं सांगतो तो काठच्या गावातला, सकाळी नदीवर जाऊन आलेला माणूस. प्रशिक्षकाकडे वरच्या अंगाच्या गावातल्या दोघा-तिघांचे फोन नंबर हवेतच.

पुण्याच्या बाजूला चित्र वेगळं आहे. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या संथ पाण्यावर इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं पिढ्यान् पिढ्या नौका चालवत आली आहेत. त्यांचा रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, १९२८ पासूनचा आहे. पण मुठेवर खडकवासला, त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी धरणांची साखळी आहे. पावसाळ्यात ती भरत आली की विसर्ग वाढवल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यातले क्युसेकचे आकडे आपण नुसते वाचून सोडून देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. विसर्ग १,००० वरून ५,००० क्युसेक केला, याचा अर्थ सेकंदाला २८ टनांच्या जागी १४१ टन पाणी. शिवाय ओघाचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या बोटीवर किंवा माणसावर पडणारा त्याचा जोर चौपट होतो. काल आरामात पार केलेली धार आज हातांना जुमानत नाही ती यामुळे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा घरात झोपलेल्या माणसांनाही सावरायला वेळ मिळाला नाही. विसर्ग चालू असताना, किंवा तो वाढवण्याची सूचना निघालेली असताना, धरणाखालच्या नदीवर नवख्याला उतरवू नये. याला अपवाद नाही.

आता आभाळाकडे वळू. अनिश्चित हवामान सगळं एकसारखं नसतं, आणि प्रत्येकाला वेगळं वागवावं लागतं. वळवाचा पाऊस दुपारनंतरचा. सकाळी आभाळ निरभ्र, अकराच्या सुमारास डोंगरावर पांढरे ढीग, दोन-तीन वाजेपर्यंत ते उंच चढून माथ्याला ऐरणीसारखे पसरतात आणि मग अचानक गार वाऱ्याचा झोत येतो. उकाड्याने हैराण झालेल्यांना तो झोत सुखाचा वाटतो. पाण्यावरच्या माणसासाठी तो काठाला लागण्याचा हुकूम आहे. ढगातली थंड हवा पावसाबरोबर खाली कोसळून तुमच्यापर्यंत पोहोचली, म्हणजे वादळ जवळ आलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये सराव उजाडताना सुरू करावा आणि बाराच्या आत बोटी काठावर असाव्यात. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊसही असाच दुपारी-संध्याकाळी गडगडाट घेऊन येतो, फक्त तेव्हा जमीन आधीच भिजलेली आणि धरणं भरलेली असतात, त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही आणि नदी लवकर चढते. माझ्या मते वर्षातला हा काळ सर्वांत फसवा. नदी सुंदर दिसते, सुट्ट्या असतात आणि ‘पावसाळा तर संपला’ असं प्रत्येक जण धरून चालतो.

जुलै-ऑगस्टच्या संततधारेत त्या मानाने विजा कमी, पण पाण्याची पातळी हा रोजचा प्रश्न असतो. हे दिवस नवख्यांनी वाहत्या नदीवर घालवू नयेत. तलाव किंवा पोहण्याचा तलाव मिळाला तर तिथे पुष्कळ काम होतं; ते पुढे सांगतो.

हवामान खात्याच्या सूचना वाचायची सवय लावून घ्या. खात्याच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. पिवळा इशारा लक्ष ठेवा म्हणतो, नारंगी तयारीत राहा म्हणतो, लाल थेट कृती करा म्हणतो. जिल्ह्याचा इशारा वाचताना भूगोल विसरू नका. रायगड जिल्हा अलिबागच्या किनाऱ्यापासून घाटाच्या भिंतीपर्यंत पसरलेला आहे. किनाऱ्यावर ऊन आणि घाटात मुसळधार हे एकाच दिवशी, एकाच रंगाखाली घडतं. म्हणून घाटमाथ्यासाठी वेगळा अंदाज दिलेला असेल तर तो आधी वाचा. कोलाडला जाणाऱ्यांनी पुणे जिल्ह्याच्या घाटभागाचा इशाराही पाहावा, कारण पाणलोट सरकारी हद्द पाळत नाही. आदल्या दिवशीच्या अंदाजावर बेत ठरवा, पण निघताना पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज पुन्हा बघा. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, तेव्हा हे काम मुख्य रस्ता सोडण्याआधी उरकायचं.

मी स्वतः जो नियम पाळण्याचा आग्रह धरतो तो साधा आहे. घाटभागाला पिवळा इशारा असेल तर नवख्यांचा सराव संथ पाण्यावर. नारंगी असेल तर संथ पाणीही नको, काठावरचे धडे घ्या. लाल असेल तर घराबाहेर पडू नका. कोणाला हा नियम कडक वाटेल. पण एखादा दिवस वाया गेल्याने कोणाचं शिक्षण थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

विजेच्या बाबतीत घासाघीस करूच नये. सपाट पाण्यावर बसलेला माणूस हाच तिथला सर्वांत उंच बिंदू असतो, आणि त्याच्या हातात ओलं वल्हं असतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी गेले तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे, पाण्याबाहेर पडा. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं थांबा, पाऊस उघडला तरी थांबा. आसरा म्हणजे पक्की इमारत किंवा पक्क्या टपाची बंद गाडी. ताडपत्रीचा मांडव आसरा होत नाही आणि एकाकी झाड तर मुळीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. ते मराठी माणसाच्या फोनमध्ये असायलाच हवं, कयाक चालवा किंवा शेतात राबा. रेंज नसेल तेव्हा मात्र कान आणि घड्याळ एवढंच हाताशी उरतं.

पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या एखाद्या खडकाला पाणी जिथे टेकतं तिथे खूण करा. खडूने रेघ ओढा, नाहीतर चिखलात काठी रोवा. दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी ती बघायची, आणि ती जबाबदारी नाव घेऊन एकाकडे द्यायची. ‘सगळे लक्ष ठेवू’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही. पंधरा मिनिटांत पाणी चार बोटं चढलं तर सराव थांबवून कारण शोधा. वीतभर चढलं तर कारण शोधत बसू नका, वर चढा. पातळीच्या आधी बहुधा रंग बदलतो: निवळ पाणी चहासारखं गढूळ होतं, मग पालापाचोळा, काटक्या आणि फेस वाहत येतो, वरच्या वळणाकडून घुमल्यासारखा आवाज येतो. यातलं एक जरी दिसलं तरी सगळ्यांना एकाच काठावर, शक्यतो रस्त्याच्या बाजूच्या काठावर, घ्या. पात्राच्या मधल्या बेटावर बोटी ओढून जेवायला बसणं ही आपल्याकडची आवडती पद्धत बेभरवशाच्या दिवसांत पूर्ण बंद करावी. लोंढा आला तर बोट सोडून द्या आणि काठाने पुढे न पळता सरळ उंचावर जा.

नदीवर उतरता येत नाही असे दिवस शिकण्यासाठी वाया जात नाहीत. उलट कयाकमधल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी थांबलेल्या पाण्यातच शिकायच्या असतात, आणि चांगल्या हवेत त्या शिकायला कोणाला धीर नसतो. पहिली म्हणजे उलटलेल्या बोटीतून बाहेर येणं. उलटल्याबरोबर अंग पुढे, बोटीच्या पाठीवर झुकवायचं, म्हणजे तोंड आणि मान खडकांपासून वाचते. बोटीचं तोंड झाकणारा स्प्रे स्कर्ट घातला असेल तर त्याची पट्टी पुढे आणि वर ओढायची, मांड्या सैल सोडायच्या, दोन्ही हातांनी बोट कमरेजवळून ढकलायची आणि पँट उतरवल्यासारखं सरकत बाहेर यायचं. पट्टी स्कर्टच्या बाहेर राहिली आहे ना, हे बसल्यावर प्रत्येक वेळी हाताने चाचपायचं. छातीभर संथ पाण्यात, शेजारी माणूस उभा असताना, घाबरणं पूर्ण जाईपर्यंत हे करावं. ज्याला हे झोपेत जमत नाही त्याने वाहत्या पाण्यात जाऊ नये. नवख्यांना आधी उघड्या, वर बसायच्या कयाकवर शिकवावं असं मी म्हणतो. त्यात अडकण्याची भीती नसते आणि लक्ष वल्ह्यावर राहतं.

मग वाहत जाण्याची रीत. ओघात पडलात तर पाठीवर व्हा, पाय ओघाच्या दिशेला आणि पाण्याच्या वर ठेवा, हातांनी तिरकं पोहत काठ गाठा. उथळ दिसलं म्हणून उभे राहू नका. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं आणि मागून पाण्याचा जोर आला की माणूस पुढे दाबला जातो, आणि मांडीभर पाण्यातही बुडतो. पोहता येणाऱ्यांनाच हे समजावून सांगणं अवघड जातं, कारण पाय टेकला की सुटलो असं त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं असतं.

काठावर पाऊस बघत बसलेला गट थ्रो बॅग फेकायचा सराव करू शकतो. पंधरा-वीस मीटर दोरी भरलेली ही पिशवी वाहणाऱ्या माणसाच्या अंगावरून पलीकडे पडली पाहिजे, म्हणजे दोरी त्याच्या हाताला लागते. आधी ओरडून त्याचं लक्ष वेधायचं, मग फेकायची. दोरी मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळायची नाही, वाहणाऱ्याने नाही आणि फेकणाऱ्यानेही नाही. पहिला नेम चुकला तर दोरी पुन्हा भरायला वेळ नसतो. सैल वेटोळी घालून लगेच दुसऱ्यांदा फेकता आली पाहिजे. हे काठावर शंभरदा केलं तर नदीवर एकदा जमतं.

हवा उघडली आणि पाणी योग्य असेल तर वाहत्या नदीवरचा पहिला धडा एकाच जागी घ्या: एक मध्यम ओघ, त्याच्या कडेला मोठा खडक आणि खाली लांबलचक शांत डोह. खडकामागे पाणी उलट फिरतं, त्याला प्रशिक्षक एडी म्हणतात; नदीवरचं ते विसाव्याचं ठिकाण. एडीतून ओघात जाताना बोट ओघाच्या दिशेला कलती करा, वरच्या अंगाची कड उचललेली ठेवा. ती कड खाली राहिली तर पाणी तिच्यावर चढतं आणि क्षणात उलटवतं. नदी आडवी पार करायची तर नाक वरच्या अंगाला तिरकं ठेवून वल्हवा. ओघ स्वतःच तुम्हाला पलीकडे नेतो. आणि बोट खडकावर आडवी जाऊन टेकली तर खडकाकडे झुका, त्याला मिठी मारा. घाबरलेलं शरीर नेमकं खडकापासून दूर झुकतं आणि उलटतं. पाणी थोडं चढलेलं असेल तर पुढच्या टप्प्याचा मोह टाळून दिवसभर एवढंच करावं.

चढत्या पाण्यात काही धोके नव्याने तयार होतात. पहिला बंधाऱ्याचा. कोल्हापुरी बंधारे आपल्या नद्यांवर ठिकठिकाणी आहेत. वरच्या अंगाने येणाऱ्याला ते पाण्यावरच्या सरळ रेघेसारखे दिसतात, आणि पाणी वाढलं की निरुपद्रवी वाटतात. पण बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी पायथ्याशी गोल फिरत पुन्हा बंधाऱ्याकडे येतं आणि बोटीला, माणसाला, ओंडक्याला तिथेच घोळवत ठेवतं. भले भले पोहणारे त्यातून सुटत नाहीत. सरावाच्या टप्प्यात बंधारा असेल तर त्याच्या खूप आधी काठाला लागून बोट खांद्यावर घ्या. दुसरा धोका झाडांचा. पाणी वाढलं की ते काठच्या करंज-जांभळांच्या फांद्यांत शिरतं. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो. मासेमारीची जाळी, पुलाखाली अडकलेला कचरा आणि शहरी नद्यांतली जलपर्णी यांचंही तसंच.

खाडीत आणि कोकणातल्या, गोव्यातल्या नदीमुखांत धरणाच्या जागी भरती-ओहोटी येते. मांडवीवर चोडण्याच्या खारफुटीत कयाक चालवणं शिकणाऱ्यासाठी फार चांगलं, पण पंचांगातली किंवा तक्त्यातली भरतीची वेळ बघूनच. ओहोटी समुद्राकडे आणि वारा समुद्राकडून असा सामना झाला की लाटा उभ्या राहतात. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर वारा घरी आणतो. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की नदीचं पाणी समुद्रात उतरू शकत नाही; २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीच्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

साहित्याचं थोडक्यात. मापाचं लाइफ जॅकेट सगळे पट्टे आवळून, खांद्यावरून वर ओढलं तरी हनुवटीपर्यंत न सरकणारं. वाहत्या पाण्यात हेल्मेट. लेसचे बूट, चप्पल नाही. जीन्स आणि सुती कपडे नकोत. ओल्या सुती कपड्यांत वारा लागला की कोकणातही माणूस कुडकुडतो आणि कुडकुडणारे हात वल्हं धरत नाहीत. शिट्टी प्रत्येकाकडे: एकदा म्हणजे लक्ष द्या, तीनदा म्हणजे संकट. वल्हं उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा. तिघांपेक्षा कमी माणसांनी नदीवर जाऊ नये, आणि किती वाजता परतणार हे काठावरच्या कोणाला तरी सांगून जावं. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. गढूळ पाण्यात पायाला जखम झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर नदीत उतरल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा; लेप्टोस्पायरोसिस वेळेवर ओळखला तर बरा होतो.

शेवटी पैशांचं बोलायला हवं, कारण काठावरचे बरेच चुकीचे निर्णय तिथून होतात. लोक मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेले असतात, फी भरलेली असते, आणि प्रशिक्षकाचं त्या आठवड्याचं उत्पन्न त्यावर असतं. पाणी चढताना दिसत असूनही दोन्ही बाजू ‘थोडंसं करू’ म्हणतात. ही ओढ काठावर उभं राहून मोडता येत नाही, ती नावनोंदणीच्या वेळीच मोडावी लागते. म्हणून प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: हवा किंवा पाणी बिघडलं तर सराव रद्द करण्याचा शेवटचा शब्द कोणाचा, त्या दिवशी पैसे परत मिळतात की पुढची तारीख मिळते, आणि संथ पाण्याची पर्यायी जागा कोणती. उत्तरं लेखी घ्या. जो प्रशिक्षक ती न अडखळता देतो त्याच्याकडेच शिका, आणि त्याने रद्द म्हटलं की हुज्जत घालू नका.